अक्षय्य तृतीयेचा वाढदिवस

थॅलेसेमिया मेजर हा रक्तविकार घेऊन जन्मलेले मूल ज्या घरात असते, त्या घरात दिनदर्शिका दोन प्रकारे वाचली जाते. पहिली इतरांसारखीच असते. तीत अष्टमी, चतुर्दशी, पर्युषण, दसलक्षण, दिवाळी आणि आप्तांच्या लग्नतिथी असतात. दुसरी केवळ त्या घराची असते. तीत दर तिसऱ्या आठवड्याला शाईने केलेली एक खूण असते, कारण त्या दिवशी मुलाला रक्त द्यावयाचे असते. सण एखाद्या वर्षी साजरा झाला नाही तरी पुढील वर्षी पुन्हा येतो. ही तारीख मात्र टळली तर मूल पांढरे पडू लागते.

२०२० च्या वैशाखात आमच्या घरातील या दोन्ही दिनदर्शिका एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. माझी नात, जिला या लेखात केवळ ‘छोटी’ म्हणतो, तिचा जन्म अक्षय्य तृतीयेचा. तिचा वाढदिवस आम्ही तिथीने करतो. त्या वर्षी ही तिथी २६ एप्रिल रोजी, रविवारी आली. रक्त देण्याचा दिवस होता शनिवार, २५ एप्रिल. आणि देशभर टाळेबंदी लागून महिना पुरा झाला होता. अशा काळात, प्रकृतीने नाजूक असलेल्या मुलाचा वाढदिवस साजरा करावा काय आणि करावयाचा तर कसा, हा प्रश्न केवळ आमच्या घराचा नव्हता. हृदयाचे, मूत्रपिंडाचे वा कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुले ज्यांच्या घरी होती, त्या सर्वांनाच तो पडला होता. आम्हांस त्याचे जे उत्तर सापडले ते वाचकांपुढे ठेवावे, त्यातून कोणास काही उपयोगी पडले तर पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो आणि प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम तेच करते. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाचे शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. जन्मतः मूल सुदृढ दिसते. काही महिन्यांनी ते फिकट होऊ लागते, दूध पिताना थकते, त्याचे वजन वाढेनासे होते. छोटी आठ महिन्यांची असताना तिचे निदान झाले. तेव्हापासून तिला नियमितपणे दुसऱ्याच्या रक्तातील लाल पेशी द्याव्या लागतात. अशा मुलांना साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने रक्त दिले जाते. पुढचे रक्त चढविण्यापूर्वी हिमोग्लोबिन नऊ-दहा ग्रॅमच्या खाली उतरू नये, असा वैद्यकीय प्रयत्न असतो.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणतीही गोष्ट जमा-खर्चात मांडल्याशिवाय मला नीट उमगत नाही. दर तीन आठवड्यांना एक पिशवी, म्हणजे वर्षाला सुमारे १७ पिशव्या. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून शरीरात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह जाते, म्हणजे वर्षाला ३,४०० मिलिग्रॅम. हे लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र निसर्गाने ठेवलेली नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. जमा एवढी आणि खर्च इतका अल्प, अशा या खात्यात शिल्लक साठत जाते, आणि ती शिल्लक यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथींना घातक ठरते. म्हणून लोह बाहेर काढणारे औषध रोज घ्यावे लागते. छोटी ती गोळी पाण्यात विरघळवून, तोंड वेडेवाकडे करून, पण न चुकता घेते.

सहा वर्षांची होईपर्यंत तिला नव्वदीच्या घरात पिशव्या लागल्या होत्या. म्हणजे जवळजवळ तितक्याच अनोळखी माणसांनी तिला एकेक महिना दिला होता. त्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस ठाऊक नाही.

जुनेच नियम, नवे जग

मार्च २०२० मध्ये सारे जग हात धुण्यास, तोंड झाकण्यास आणि अंतर राखण्यास शिकू लागले, तेव्हा आमच्या सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “आबा, आता सगळ्यांची घरं आपल्यासारखी झाली.” ते खरे होते. बाहेरून आलेल्याने प्रथम हातपाय धुवावेत, सर्दी-खोकला झालेल्याने छोटीच्या खोलीत जाऊ नये, पाणी उकळून गाळूनच प्यावे, रस्त्यावरचे काही खाऊ नये, हे नियम आमच्याकडे पाच वर्षांपासून होते. उकळलेले पाणी आणि मुखवस्त्र यांचे आपल्या समाजास अप्रूपही नाही. फरक एवढाच होता की आजवर हे नियम सांगताना आम्हांस संकोच वाटे आणि काही पाहुण्यांना राग येई. आता ते सरकारच सांगत होते.

तरीही वाढदिवसाचा प्रश्न अवघड होता, कारण त्यात माणसांचे मन गुंतलेले होते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या वर्षी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. ती दोन गल्ल्यांपलीकडे राहते. छोटीच्या प्रत्येक वाढदिवसाला पहिले औक्षण तिचे. आठवडाभर आधी तिचा फोन आला. “अरे, मी काय परकी आहे? मागच्या दाराने येईन, लांबून ओवाळीन आणि जाईन.” अक्काला नाही म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही. फोन सूनबाईंनी घेतला. त्या म्हणाल्या, “आत्या, छोटीला तुमच्यापासून धोका आहे तसा तुम्हांलाही तिच्यापासून आहे. दर तीन आठवड्यांना आम्ही दवाखान्यात जाऊन येतो. तुम्हांला काही झालं तर पुढच्या वर्षी तिला कोण ओवाळणार?” पलीकडे काही वेळ शांतता होती. मग अक्का म्हणाली, “बरं. पण काहीतरी केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. काय करू ते तुम्हीच सांगा.” त्या क्षणी आमच्यापाशी याचे उत्तर नव्हते.

याउलट काही आप्तांचे मत असे होते की मूल आजारी, काळ असा, मग सोहळा कशाला? दृष्ट लागेल. पूर्वकर्माचा उदय आहे, तो शांतपणे भोगावा. सद्हेतूने बोललेले हे शब्दही मुलाच्या आईच्या कानी कसे पडतात, याचा विचार बोलणाऱ्याने करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. कर्मसिद्धान्त पुरुषार्थ सोडण्यास कधीच सांगत नाही. आणि वाढदिवसाचे म्हणाल, तर ज्या मुलाचे प्रत्येक वर्ष कष्टाने मिळविलेले आहे, त्याचाच वाढदिवस अगत्याने साजरा व्हावयास हवा. इतर मुलांचे वर्ष आपोआप सरते. छोटीचे वर्ष सतरा माणसे मिळून पुरे करतात.

पस्तीस दिवसांचा हिशेब

मंगळवार, २१ एप्रिल रोजी रक्तपेढीतून दूरध्वनी आला. बोलणाऱ्या ताईंच्या आवाजात अवघडलेपण होते. २५ तारखेसाठी छोटीच्या गटाची पिशवी शिल्लक नव्हती. शक्य असल्यास दाता पाहा, असे त्या म्हणाल्या.

यात कोणाचाही दोष नव्हता, हे समजण्यास एक साधा हिशेब पुरे. दान केलेले रक्त कायम टिकत नाही. पिशवीत कोणते द्रावण आहे यावर अवलंबून लाल पेशी ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. जनता कर्फ्यू २२ मार्चला झाला. त्या दिवशी घेतलेली ३५ दिवसांची पिशवी २६ एप्रिलला बाद होते आणि ४२ दिवसांची ३ मे रोजी. त्यानंतर महाविद्यालये बंद, कारखाने बंद, कार्यालये बंद. रक्तदान शिबिरे भरतात ती याच ठिकाणी. म्हणजे टाळेबंदीपूर्वीचा साठा संपण्याची वेळ आली होती आणि नवीन भर थांबली होती. पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया ढकलल्या गेल्याने तिकडची मागणी घटली होती. थॅलेसेमियाच्या मुलांची मागणी मात्र तसूभरही घटत नाही. आणि अक्षय्य तृतीयेचाच दिवस, ज्याच्या नावातच क्षय नाही असा, त्या साठ्याच्या क्षयाचा दिवस ठरत होता.

घरातील कोणी दान करावे, हे वाटते तितके सोपे नव्हते. छोटीचे आई-वडील दोघेही या विकाराचे वाहक आहेत. वाहक व्यक्ती पूर्ण निरोगी असते, परंतु तिचे हिमोग्लोबिन पुष्कळदा थोडे कमी असते. रक्तदानासाठी ते किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. माझ्या मुलाचे तेवढे भरत नाही. त्याचा धाकटा भाऊ पुण्यात अडकलेला, जिल्ह्यांच्या सीमा बंद.

आणखी एक अडचण होती. दाता आज आला आणि रक्त लगेच मुलाला दिले, असे होत नाही. घेतलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ‘बी’ व ‘सी’, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी होते, लाल पेशी वेगळ्या केल्या जातात, मग रुग्णाच्या रक्ताशी त्यांची जुळणी पाहिली जाते. शनिवारी रक्त हवे असेल तर गुरुवारपर्यंत दाता पोहोचला पाहिजे. हातात दोन दिवस होते.

रद्द झालेल्या शिबिराची यादी

आमच्या मंदिरात दर वर्षी भगवान महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी रक्तदान शिबिर भरते. २०२० मध्ये जन्मकल्याणक ६ एप्रिलला आले. मंदिरे बंद होती, मिरवणूक नव्हती, शिबिरही नव्हते. शिबिराचा हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने मागील वर्षीची, १७ एप्रिल २०१९ ची वही माझ्यापाशी होती. तीत चौसष्ट नावे, रक्तगट व दूरध्वनी क्रमांकांसह. पुरुषास दोन दानांमध्ये ९० दिवसांचे व स्त्रीस १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. वर्षभरापूर्वीच्या या दात्यांपैकी बहुतेक आता पात्र होते.

मंगळवारी दुपारी मी व माझ्या पत्नीने ती वही मधोमध ठेवून दूरध्वनी करण्यास प्रारंभ केला. छोटीच्या गटाची अकरा नावे निघाली. पहिला गृहस्थ मुंबईहून नुकताच परतला होता आणि विलगीकरणात होता. दुसऱ्याच्या घरच्यांनी नकार दिला. तिसऱ्याने विचारले, “तिथं जाऊन कोरोना घरी आणला तर?” हा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही रक्तपेढीस विचारून घेतलेले उत्तर त्याला दिले. शिबिरासारखी गर्दी होणार नाही, प्रत्येकास वेगळी वेळ मिळेल, आत एका वेळी दोनच दाते असतील, सुई व पिशवी नवी आणि एकदाच वापरण्याची असते. रक्तदानाने अशक्तपणा येऊन प्रतिकारशक्ती जाते ही समजूतही निराधार आहे. शरीरातील १०० भागांपैकी सात-आठ भागच रक्त एका वेळी घेतले जाते आणि त्यातील द्रवाची भर एक-दोन दिवसांत होते. त्याने विचार करून कळवितो म्हटले आणि पाऊण तासाने होकार कळविला. सायंकाळपर्यंत आणखी एक होकार आला. रक्तपेढीने दोघांच्या नावे पत्रे भ्रमणध्वनीवर पाठविली. चौकातील पोलिसांनी ती पाहून बुधवारी त्यांना सोडले. एका हवालदारांनी तर पत्र वाचून आपला रक्तगट सांगितला आणि कामाची पाळी संपल्यावर आलो तर चालेल काय, अशी विचारणा केली, असे त्या दात्याने नंतर सांगितले.

दोघांचे काम झाले आणि आमची निकड भागली. येथेच थांबता आले असते. परंतु रक्तपेढीतील त्या ताई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की आमच्यासारखे दूरध्वनी त्यांना त्या दिवशी आणखी काही घरी करावे लागले. छोटीच्या शेजारच्या खाटांवर बसणारी मुले आम्ही ओळखतो. एक भाजीविक्रेत्याचा मुलगा, एक शिक्षिकेची मुलगी, एक ऊसतोड कामगारांचे लेकरू. त्यांच्या आजोबांजवळ चौसष्ट नावांची वही नव्हती. तेव्हा पत्नी म्हणाली, “वही उघडलीच आहे, तर बंद कशाला करायची?” आणि अक्काच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले.

निमंत्रण

बुधवारी रात्री आम्ही समाजातील परिचितांना एक छोटा संदेश धाडला. छोटीच्या वाढदिवसाला या वर्षी कोणी येऊ नये. ज्यांना यावेसे वाटते त्यांनी पात्र असल्यास, पुढील पंधरा दिवसांत, आपल्या सोयीच्या वेळी, रक्तपेढीशी आधी बोलून रक्तदान करावे. रक्त छोटीसाठी राखून ठेवू नये, ज्याला लागेल त्याला जावे. सर्वांनी एकाच दिवशी जाऊ नये, कारण एका दिवशी आलेला साठा एकाच दिवशी बाद होतो. थोडे थोडे येत राहिले तर ते अधिक दिवस पुरते. फलक, छायाचित्रे व सत्कार नकोत.

ज्यांना वय, आजार वा अन्य कारणाने रक्त देता येत नाही त्यांच्यासाठी शेवटी एक वाक्य होते. आपल्या धर्मात कृत्य तीन प्रकारांनी घडते, स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि मनःपूर्वक अनुमोदिलेले. ज्याला पहिले शक्य नाही त्याने दुसरे करावे, तेही शक्य नसेल तर तिसरे.

अक्काचा दूरध्वनी सर्वांत आधी आला. “मी येत नाही. माझा नातू जाईल. त्याला मी सांगितलंय, नाही म्हणालास तर माझ्या हातची पुरणपोळी विसर.” तिचा बावीस वर्षांचा नातू आयुष्यात प्रथमच रक्त देणार होता. त्याला सुईची भीती वाटते हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. तो शुक्रवारी जाऊन आला.

छोटीला हे सारे कसे सांगावे याचा आम्ही विचार करीत होतो, तोवर तिनेच ऐकले होते. तिने विचारले, “आबा, माझ्या वाढदिवसाला सगळ्यांना सुई टोचणार?”

“त्यांना टोचवून घ्यायची आहे.”

“रडतील का ते?”

“नाही रडणार. मोठे आहेत.”

थोडा विचार करून ती म्हणाली, “मग त्यांना बिस्किट द्यायला सांगा. मला देतात.” दात्यांना रक्तपेढीत खरोखरच बिस्किट व कॉफी मिळते, हे सांगितल्यावर तिचे समाधान झाले.

तो दिवस

शनिवारी, २५ तारखेला छोटीला ठरल्याप्रमाणे रक्त मिळाले. सकाळी निघताना ती आईच्या खांद्यावर मान टाकून होती आणि दुपारी परतताना गाडीच्या काचेवर बोटाने चित्र काढीत होती. हा बदल आम्ही दर तीन आठवड्यांना पाहतो आणि दर वेळी तो नव्याने पाहिल्यासारखा वाटतो.

रविवारी सकाळी मंदिरात जाणे नव्हते. घरच्या देव्हाऱ्यापुढे सर्वांनी णमोकार मंत्र म्हटला. अक्षय्य तृतीया हा आपल्या परंपरेत दानाचा आद्य दिवस आहे. भगवान आदिनाथांना दीक्षेनंतर दीर्घकाळ आहार मिळाला नाही, कारण मुनींना आहार कसा द्यावा हेच लोकांस ठाऊक नव्हते. कोणी हत्ती-घोडे पुढे केले, कोणी रत्ने. अखेर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला पूर्वभवाचे स्मरण होऊन आहारदानाचा विधी आठवला आणि त्याने इक्षुरस दिला. मला या कथेतील मर्म त्या दिवशी निराळ्या रीतीने जाणवले. लोकांपाशी देण्याची इच्छा होती, संपत्तीही होती. उणीव होती ती समोरच्याला काय हवे ते जाणण्याची. वर्षीतप करणाऱ्यांनी त्या वर्षी पारणेही आपापल्या घरीच केले.

उसाचा रस आमच्याकडे दर वर्षी असतो. गुऱ्हाळे व रसवंत्या बंद असल्याने एका शेतकरी बंधूंनी चार ऊस फाटकाशी आणून ठेवले व लांबूनच हाक मारली. ऊस धुऊन, सोलून, तुकडे मिक्सरमधून काढून पंचातून गाळले. डॉक्टरांना विचारून छोटीला वाटीभर रस दिला. दुपारी खपली गव्हाची खीर झाली. केक घरीच, अंड्याविना केला. मेणबत्ती मात्र ठेवली नाही. फुंकर घातलेला केक त्या दिवसांत कोणी खाणे योग्य नव्हते, आणि दिवा विझवून वाढदिवस करण्यापेक्षा दिवा लावून करणे आपल्या संस्कृतीस अधिक शोभते. निरांजन आईने ओवाळले. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अक्का तिच्या घरी हातात तबक घेऊन उभी होती. तिने पडद्यालाच ओवाळले. पुण्याचा काका, बेळगावची मावशी, इचलकरंजीचे आजी-आजोबा अशी सर्व मंडळी चौकटी-चौकटींतून दिसत होती. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली. पाहुणे नसल्याने आवराआवरही नव्हती.

पंधरा दिवसांत आमच्या ओळखीतील एकवीस जणांनी रक्तदान केले. आणखी चौघे जाऊन परत आले, कारण तपासणीत त्यांचे हिमोग्लोबिन कमी भरले. त्यांच्या दृष्टीने हीदेखील एक उपयोगी माहिती ठरली. एका पिशवीतून लाल पेशी, रक्तद्रव व बिंबिका असे घटक वेगळे करता येतात, त्यामुळे एकवीस दानांचा उपयोग एकवीसपेक्षा अधिक रुग्णांना झाला असणार. कोणाला झाला हे आम्हांस माहीत नाही, तेच योग्य आहे.

दुसरे वर्ष

२०२१ मध्ये अक्षय्य तृतीया १४ मे रोजी आली आणि दुसरी लाट ऐन भरात होती. त्या वेळची अडचण निराळी होती. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांचे लसीकरण सुरू झाले होते. लस घेतल्यानंतर प्रारंभी २८ दिवस रक्तदान करता येत नसे, पुढे मे महिन्यात ती मुदत १४ दिवसांवर आणण्यात आली. रक्तदाते बहुतांशी याच वयोगटातील. सर्वांनी एकाच सुमारास लस घेतली तर रक्तपेढ्या रिकाम्या होणार हे उघड होते. म्हणून निमंत्रणात आम्ही एक ओळ वाढविली की लस अवश्य घ्यावी, मात्र शक्य असल्यास तिच्या आधी रक्त द्यावे. वही तीच होती. तीतील तीन नावांपुढे मात्र रेघ ओढावी लागली. त्यांपैकी एक गृहस्थ दर वर्षी शिबिरात पहिल्या क्रमांकाने नाव नोंदवीत. त्यांच्या मुलाने त्या वर्षी वडिलांच्या जागी रक्त दिले.

समाजापुढे तीन सूचना

पहिली सूचना रक्तदानाविषयी. आपली शिबिरे जन्मकल्याणक, पर्युषण आणि एखाद्या पुण्यस्मरणाच्या दिवशी भरतात. त्यामुळे काही आठवडे साठा ओसंडतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत तुटवडा पडतो. प्रत्येक मंदिराने वा मंडळाने दात्यांची गटवार वही ठेवावी आणि वर्षभर, थोड्या थोड्या अंतराने, एकेकास पाठवावे. ज्याच्या घरी वाढदिवस असेल त्याने त्या महिन्यात एक दाता द्यावा, एवढी साधी प्रथा पाडली तरी पुष्कळ होईल. आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांत रक्तदान कोठे बसते, असे मला एका तरुणाने विचारले होते. मी म्हटले, ते औषध आहे आणि अभयही.

दुसरी सूचना विवाहाविषयी. भारतात सुमारे तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. वाहकाला कोणताही त्रास नसल्याने त्याला स्वतःलाही हे ठाऊक नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारांत एक असते. एक वाहक आणि एक अवाहक यांच्या संसारात ही शक्यता नसते. आपले वधू-वर परिचय मेळावे भरतात, परिचय पुस्तिका निघतात, तीत उंची, शिक्षण, वेतन, गोत्र सारे असते. हिमोग्लोबिन ‘ए-टू’ या एका रक्तचाचणीचा निकाल प्रत्येकाने आपल्यापाशी ठेवावा आणि विवाह ठरण्यापूर्वी दोन्ही घरांनी विश्वासाने परस्परांस सांगावा. ही चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते. वाहक असणे हा दोष नाही, आणि मूल आजारी जन्मल्यास त्याचे खापर एकट्या सुनेवर फोडणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि धर्मालाही.

तिसरी सूचना अशा घरांशी वागण्याविषयी. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या साहाय्याने २०१७ पासून दहा लाख रुपयांपर्यंत मदतीची योजना चालू झाली. अर्ज भरणे, कागद जुळविणे यांत निवृत्त मंडळींनी या पालकांना हातभार लावावा. आणि त्या मुलाच्या वाढदिवसाला आपण काय घेऊन यावे असा प्रश्न पडला, तर तो त्या मुलाच्या आईला विचारावा. कधी ती म्हणेल, येऊ नका. त्याचा राग मानू नये. कधी ती म्हणेल, दोन तास माझ्याजागी दवाखान्यात बसा. तेही वाढदिवसाचेच देणे आहे.

छोटी आता प्राथमिक शाळा ओलांडून पुढे गेली आहे. तिला भूमिती आवडते आणि गोळीची चव अजूनही आवडत नाही. साथ सरली, पाहुणे पुन्हा येऊ लागले, अक्का पुन्हा समोर बसून ओवाळते. वैशाखातील वहीचा क्रम मात्र चालू आहे. या वर्षीच्या पानावर सव्वीस नावे आहेत आणि पान पुरते भरलेले नाही. वाचकांपैकी ज्यांचे वय १८ च्या पुढे, वजन किमान ४५ किलो आणि प्रकृती ठीक आहे, त्यांनी आपल्या गावातील रक्तपेढीत जाऊन अशाच एखाद्या पानावर आपले नाव लिहावे, ही प्रार्थना.

जय जिनेंद्र.